कोरी नळी

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतली सगळी द्रावणं एकदा स्वतःच्या हाताने तपासून ठेवायची, ही भाऊंची जुनी पद्धत होती. मुलं घाबरलेली असतात, बाहेरून आलेले परीक्षक घाईत असतात, आणि ऐन वेळी एखाद्या बाटलीने दगा दिला की सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळतात. तो माणूस म्हणजे प्रयोगशाळेचा साहाय्यक. म्हणजे भाऊच. प्राचार्यांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत.

त्या वर्षी मुलांना कीटोन ओळखायचं होतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम वर्गात सांगत, कीटोन ओळखणं म्हणजे चोर पकडणं आहे. आधी डीएनपी नावाचं द्रावण घालायचं. खाली पिवळा-केशरी साका बसला, की समजायचं चोर दोन भावांपैकी एक आहे, अल्डिहाइड नाहीतर कीटोन. मग चांदीचं द्रावण घालून नळी कोमट पाण्यात धरायची. काचेला आतून आरसा चढला तर अल्डिहाइड. आरसा नाही चढला, तर दुसरा भाऊ. आणि शेवटी खात्रीसाठी नायट्रोप्रुसाइड. त्याचे थेंब टाकून वरून कडेकडेने अमोनिया सोडला, की कीटोनला लपता येत नाही. नळीत जांभळं कडं उमटतं.

या सगळ्या नळ्यांच्या शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची. तिच्यात तीच रसायनं, तेवढीच, पण ओळखण्यासारखं काही नाही. कॉलेजात तिला ब्लँक म्हणत, भाऊ कोरी नळी म्हणत. कोरी नळी कोरीच राहिली पाहिजे. ती रंगली तर समजायचं, रसायन बाटलंय. मग शेजारच्या नळ्यांनी कितीही सुंदर रंग दाखवू देत, ती अख्खी खेप रद्द. ओतून द्यायची आणि नव्याने करायची. भाऊंनी हा नियम आयुष्यभर पाळला होता.

त्या दुपारी कोरी नळी जांभळी झाली.

भाऊंनी ती उजेडात धरली. कडं फिकट होतं, पण होतं. त्यांनी मोरीकडे तोंड करून हाक मारली, "मावशी, नळ्या कशानं धुतल्या?"

मावशी म्हणजे काचसामान धुणाऱ्या बाई. हात पदराला पुसत त्या आल्या. "कशानं म्हणजे? साबणानं. मग पाण्यानं."

"शेवटी ॲसिटोन फिरवलं का? लवकर वाळाव्यात म्हणून?"

"गेल्या वर्षी एकदा फिरवलं, ते तुम्ही अजून काढताय भाऊ. माझ्या सासूनंसुद्धा एवढं काढलं नाही कधी."

ॲसिटोन हे स्वतःच कीटोन. त्याने विसळलेली नळी कोरी कशी राहणार? प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी चूक ती हीच, आणि भाऊंनी ती कितीतरी जणांच्या हातून होताना पाहिली होती. मावशी नाही म्हणत होत्या, तरी त्यांनी नळ्या स्वतः पुन्हा धुतल्या, भट्टीत वाळवल्या, नायट्रोप्रुसाइडचं द्रावण ताजं बनवलं. मोरीजवळच्या ओट्यावर चाचणी लावली. कोरी नळी स्वच्छ राहिली. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला आणि नळ्यांचा स्टँड उचलून नेहमीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, कारण ते द्रावण उजेडात लवकर बिघडतं, आणि प्रयोगशाळेत काळोख असा त्या एकाच कोपऱ्यात होता.

तिथे भिंतीला लागून धुराचं कपाट होतं. विषारी वाफांचे प्रयोग ज्यात करतात, ते. आत पांढऱ्या फरशा, समोर वर-खाली सरकणारी जाड काच, आणि वाफा ओढून छपरावर सोडणारा पंखा. पंखा कधीचाच बंद पडला होता. वरचं धुराडं विटा लावून बुजवलं होतं. काच खाली ओढलेली असायची, फक्त ती पुरती बसत नसे. तळाशी बोट जाईल एवढी फट राहायची. स्टँड त्या फटीसमोरच्या ओट्यावर असे.

भाऊ बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून परत आले. कोरी नळी पुन्हा जांभळी होती. या वेळी कडं गडद होतं.

त्यांनी मॅडमना दाखवलं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून नळी पाहिली. "नायट्रोप्रुसाइड जुनं झालंय भाऊ. बाटलीवरची तारीख बघा ना. बाटली आपल्यापेक्षा सीनियर आहे. शेजारच्या कॉलेजातून नवी मागवते, उद्या दुपारपर्यंत येईल. सकाळच्या तुकडीला ही चाचणी सोडून देऊ."

बोलणं पटण्यासारखं होतं. मॅडमचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असे.

संध्याकाळी दारं लावताना मावशी कोपऱ्यात थांबल्या आणि त्यांनी नाक वर केलं. "भाऊ, कुणाचा तरी डबा राहिलाय इथं. फळ सडल्यासारखा वास येतोय."

भाऊंनाही तो आला. गोडसर आणि जड, जास्त पिकून काळ्या पडलेल्या फळाचा. त्यांनी ओट्याखाली पाहिलं, खणांत पाहिलं, टोपलीत पाहिलं. काही नव्हतं.

"कपाटात आत असंल काही," मावशी म्हणाल्या.

"ते कुणी उघडत नाही."

"होय. मी आल्यापासून बंदच आहे ते," मावशी म्हणाल्या आणि उगाचच पदर नाकाला लावून बाहेर पडल्या.

* * *

भाऊंची मुलगी ठमी कॉलेजात जायच्या वयाची होती आणि घरीच बसून कॉम्प्युटरवर लोकांची कामं टाइप करून द्यायची. लहानपणीच तिच्या अंगातली साखर बिघडली होती. रोज सुई. सुई चुकली, ताप आला, पोट बिघडलं, की शरीर साखर सोडून चरबी जाळायला लागतं, आणि मग रक्तात कीटोन साठतात. साठत गेले की माणूस आधी ओकतो, मग धापा टाकतो, मग निजतो. आणि त्या झोपेतून उठवायला घरातल्या कुणाच्या हाका पुरत नाहीत. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ठमी जराही कोमेजली की भाऊ तिची लघवी छोट्या बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत नेत आणि नायट्रोप्रुसाइडवर बघत. कडं आलं नाही की घरी फोन. इतकी वर्षं तो फोन एकाच वाक्याचा असे, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी उशीपाशी बादली घेऊन पडली होती. तिची आई मावसबहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी गेलेली. रात्री दोनदा उलटी झाली, पोट दुखतंय, असं ठमीने सांगितलं.

"बाहेरचं काय खाल्लंस?"

"तुमच्या हातचं खाल्लं. त्यापेक्षा बाहेरचं बरं होतं." तिने हसायचा प्रयत्न केला आणि ओठांवरून जीभ फिरवली. ओठ कोरडे होते. "साखर बघितली मी. थोडीशीच वर आहे. आणि हे घ्या तुमचं पार्सल."

तिने कागदात गुंडाळलेली बाटली दिली.

"मी थांबू का घरी?"

"परीक्षेच्या दिवशी? मुलं पास होतील की सगळी, तुम्ही नसलात तर. जा बाबा. निकाल काय लागतो ते कळवा."

भाऊ गेले. परीक्षकांच्या आधी पोचून त्यांनी कोट घालायच्या आत ठमीची नळी लावली. अमोनियम सल्फेट विरघळवलं, नायट्रोप्रुसाइड टाकलं, वरून अमोनिया सोडला. सवयीने शेजारी कोरी नळीही लावली. स्टँड काळोख्या कोपऱ्यात ठेवला आणि वाट पाहिली.

ठमीच्या नळीत जांभळं कडं उमटलं. जाड आणि गडद.

भाऊंनी फोनसाठी खिशात हात घातला. मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. कोरी नळीही जांभळी झाली होती. तेवढीच जाड, तेवढीच गडद.

त्यांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. रसायन बाटलंय. मॅडम म्हणाल्या तेच. कोरी नळी रंगली, म्हणजे शेजारचीचा रंग खोटा. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा दोन्ही जांभळ्या. त्यांना बरंच वाटलं, आणि दोन्ही नळ्या त्यांनी मोरीत ओतून दिल्या.

मग फोन लावला.

"ठमे, रसायन बिघडलंय इथलं. कोरी नळीसुद्धा रंगतेय. तुझं काही कळत नाही, पण काही नसणार. दुपारी नवी बाटली येतेय, तेव्हा बघतो. सुई घे आणि पाणी पीत राहा."

"म्हणजे निकाल राखून ठेवला," ठमी म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये ती श्वास घेत होती.

"दम का लागतोय तुला?"

"फोन घ्यायला उठले ना... झोपते जरा."

तेवढ्यात परीक्षक आले. भाऊंनी फोन खिशात टाकला.

दिवस कसा गेला ते भाऊंना कळलं नाही. एका मुलीने डीएनपी हातावर सांडलं आणि तळवा पिवळा झाला म्हणून ती रडत बसली. एकाने चांदीच्या आरशात भांग पाडला, परीक्षकही हसले. दुपारची तुकडी लांबली. मध्ये एकदा भाऊंनी घरी फोन केला, तो वाजत राहिला. झोपली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. झोप म्हणून आपणच सांगितलं होतं. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि प्रयोगशाळेत दिवसाच दिवे लावावे लागले.

नवी बाटली आली, ती सगळे गेल्यावर. शेजारच्या कॉलेजच्या शिपायाने ती दारातूनच हातात दिली आणि सायकलवर टांग टाकली. मॅडम परीक्षकांना पोचवायला गेल्या होत्या. मावशी खाली भांडारात होत्या. प्रयोगशाळेत भाऊ एकटे होते.

बाटलीचं सील अजून शाबूत होतं. भाऊंनी ते स्वतः फोडलं. कधीच न वापरलेली नळी खोक्यातून काढली. ताजं द्रावण, ताजं पाणी. ठमीच्या बाटलीत थोडं उरलं होतं, पण आधी कोरी नळी. नियम म्हणजे नियम. ती त्यांनी एकटीच लावली, कोपऱ्यात ठेवली, आणि या वेळी तिथेच स्टूल ओढून बसले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाण्याच्या आणि अमोनियाच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं, तिथे एक बारीक जांभळी रेघ उमटली. ती बघता बघता जाड झाली, जरा थांबली, आणखी जाड झाली. जणू कुणीतरी मध्ये थांबून थांबून तिच्यात रंग घालत होतं.

नवी बाटली. नवी नळी. वास होता, कालच्यापेक्षा दाट. त्यांनी मान वर केली.

धुराच्या कपाटाच्या काचेवर वाफ होती.

पंजाएवढा पांढुरका ठिपका. भाऊंनी बाहीने पुसला. पुसला गेला नाही, कारण तो आतल्या बाजूला होता. मग तो आपोआप निवळला, कडेकडून मध्यापर्यंत, आणि काच स्वच्छ झाली. भाऊ बघत राहिले. ठिपका पुन्हा आला. पुन्हा निवळला. पुन्हा आला. भरभर, आणि खोल. धावून आलेल्या माणसाने काचेला तोंड लावावं तसा.

कपाटाच्या आत पांढऱ्या फरशा होत्या. दुसरं काही नव्हतं, ते दिव्यात लख्ख दिसत होतं. ठिपका जिथे येत होता, ती जागा भाऊंनी नको असताना मनाशी मोजली. आत कुणी उकिडवं बसलं, तर त्याचं तोंड येईल तिथे.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. भाऊही पळाले असते. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू फिरत होती आणि ती पुरती समोर येईपर्यंत त्यांचे पाय हलणार नव्हते. त्यांनी काचेला खालून हात घातला आणि जोर लावून ती वीतभर वर सरकवली. थंडगार जड वास त्यांच्या मनगटांवर आला. गाळणकागदाचा तुकडा चिमट्यात धरून त्यांनी आतून काच पुसली, न बघता. कागद ओला झाला. तो त्यांनी तीन नळ्यांत पाण्यात पिळला.

पहिलीत डीएनपी. पिवळा-केशरी साका भुरभुर खाली बसला.

दुसरीत चांदीचं द्रावण. ती त्यांनी कोमट पाण्यात धरली. नळी भांड्यावर किणकिण वाजत होती. आरसा चढला नाही.

तिसरीत नायट्रोप्रुसाइड. अमोनिया पडताच कडं आलं, काळं वाटावं इतकं जांभळं.

कीटोन. श्वासातलं कीटोन. नायट्रोप्रुसाइड बिघडलेलं नव्हतं. कालही नव्हतं, सकाळीही नव्हतं. कोरी नळी खोटं बोलत नव्हती. तिच्या तोंडाशी कुणीतरी श्वास घेत होतं, आणि तिने ते सांगितलं होतं.

म्हणजे तिच्या शेजारची, ठमीची नळीही खोटी धरायला काही कारण नव्हतं.

"ठमे..." भाऊ म्हणाले. मोठ्याने म्हणाले की मनात, ते त्यांना कळलं नाही.

त्यांनी फोन लावला आणि पळत सुटले. फोन कानाशी वाजत होता. दारापाशी त्यांना गोडसर वासाचा एक थंड झोत मागून येऊन खांद्यावरून पुढे गेल्यासारखा वाटला, जणू घाईतल्या माणसाने त्यांना ओलांडलं. मागे वळून बघायला वेळ नव्हता. धुराच्या कपाटाची काच उघडी राहिली. वापर झाला की काच आधी खाली ओढायची, हा नियम भाऊंनीच भिंतीवर ठळक अक्षरात रंगवून घेतला होता.

* * *

ठमी पलंगावर आडवी होती. डोळे अर्धवट उघडे होते आणि बघत नव्हते. छाती वर-खाली होत होती, भरभर आणि खोल, आणि ती लय भाऊंनी थोड्याच वेळापूर्वी एका काचेवर पाहिली होती. खोलीत तोच वास होता. भाऊंनी तिला चादरीसकट उचललं. शेजारच्या रिक्षावाल्याने प्रश्न न विचारता गाडी काढली आणि सबंध रस्ता हॉर्नवर हात ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरने तिच्या तोंडाजवळ वाकून नुसता वास घेतला आणि परिचारिकेला भराभर सूचना दिल्या. भाऊंना बाहेर थांबायला सांगितलं. दार मिटताना तो एवढंच म्हणाला, "कालपासून चालू असणार हे. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

भाऊंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते डॉक्टरला कळलं नसावं.

ठमीची आई मिळेल त्या गाडीने आली. आल्या आल्या तिने विचारलं, "तुम्ही बघितलं नव्हतं का सकाळी?"

"बघितलं होतं."

"मग?"

भाऊंनी मिटलेल्या दाराकडे पाहिलं. नळी रंगली होती, पण कोरीही रंगली होती, म्हणून मी ओतून दिली. हे वाक्य त्यांनी मनात कितीतरी वेळा जुळवलं, आणि ते दर वेळी अगदी बरोबर होतं. ठमीच्या आईने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर ती त्यांच्याशी बोललीही नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

पण ठमी वाचली. सलाइनने, सुयांनी, आणि तिच्या स्वतःच्या हट्टीपणाने. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा तिने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर हसत बाहेर आला. कीटोन उतरले, म्हणाला. रक्तात जवळजवळ नाहीतच. थोडा ऑक्सिजन लावलाय, तोही दुपारी काढू. एकेक जण आत जा.

ठमीची आई आधी गेली आणि डोळे पुसत चहा आणायला खाली उतरली. भाऊ आत जाणार, तोच खिशातला फोन वाजला. मावशी होत्या.

"पोरगी कशीय?"

"बरी आहे. शुद्धीवर आलीय."

"देव पावला. मॅडम पण विचारत होत्या सारख्या. त्या म्हणाल्या सांगा भाऊंना, नवी बाटली छान चाललीय. सकाळपासून कोरी नळी कोरीच आहे, एकदा म्हणून रंगली नाही. आणि भाऊ, काल तुम्ही त्या कपाटाची काच उघडी टाकून गेलात होय? मी ओढली खाली. पण बरं झालं एका परीनं. हवा लागली आत. तो वास होता ना, तो गेला बघा इथनं. पार गेला."

भाऊ फोन कानाला लावूनच वॉर्डाकडे वळले. मावशींनी दोनदा हॅलो म्हटलं आणि ठेवून दिला.

वॉर्डात उन्हाचा पट्टा आला होता. ठमी डोळे मिटून पडली होती, नाकातोंडावर प्लास्टिकचा पारदर्शक मास्क. ती श्वास सोडे, तेव्हा मास्क आतून पांढरा होई. श्वास घेई, तेव्हा निवळे. आता श्वास शांत होता, लांब होता. भाऊ उशाशी उभे राहून ते बघत राहिले. पांढरा, स्वच्छ. पांढरा, स्वच्छ. एवढं देखणं काही आपण आयुष्यात बघितलं नाही, असं त्यांना वाटलं.

मग त्यांना वास आला. गोडसर. जड.

डॉक्टर म्हणाला होता, कीटोन नाहीतच. भाऊ खाली वाकले. ठमीची छाती वर येत होती, ती श्वास आत घेत होती, आणि तरीही मास्कवर, अगदी तिच्या ओठांच्या समोर, एक पांढुरका ठिपका उमटत होता. भाऊंनी बोट पुढे केलं आणि मास्कवरून बाहेरून फिरवलं.

ठिपका पुसला गेला. बोट ओलं झालं.

ते मागे सरले. पाय मागे मागे येत गेले, पाठ खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी गजाला लागली, आणि ते तिथेच गज धरून राहिले. ठमीने कपाळाला आठी घातली आणि डोळे न उघडताच मान एका बाजूला वळवली.

"बाबा," ती मास्कमधून पुटपुटली, "सरका ना जरा... किती जवळ येऊन श्वास घेताय..."